शेजारी देशाशी सीमाकरार : राज्याचा अधिकार किती, केंद्राचा किती

निपाणीहून कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या गव्हर्नरने एप्रिल 2022 मध्ये मेक्सिकोच्या चार सीमावर्ती राज्यांशी सीमासुरक्षेचे करार केले. आपल्याकडेही कर्नाटक सरकार निपाणीजवळ राज्याच्या हद्दीवर कोगनोळीला नाका लावून महाराष्ट्रातून येणाऱ्यांना अडवते. मग भारतातील एखादे राज्य शेजारी देशाशी सुरक्षेचा करार करू शकते का, आणि केंद्राने केलेला करार राज्य नाकारू शकते का?

दोन्ही प्रश्नांचे कायदेशीर उत्तर 'नाही' असे आहे, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तेवढे पुरेल. परंतु बेळगावसारख्या सीमाभागात वकिली करताना माझे मत असे बनले आहे की, एवढ्यावर थांबणारा माणूस हा विषय अर्धाच शिकतो. करारावर सही दिल्लीची होते. त्या कराराने लागणारी जमीन राज्याचे महसूल खाते मोजून देते आणि त्यातून उद्भवणारे गुन्हे राज्याचे पोलीस नोंदवतात. राज्याला सोबत न घेता केलेला सीमाकरार घटनेच्या दृष्टीने निर्दोष असूनही वर्षानुवर्षे कागदावर पडून राहतो, हे आपल्या देशात एकाहून अधिक वेळा घडले आहे.

आधी टेक्सासचे पाहू, कारण ते उदाहरण वाटते तितके राज्याच्या बाजूचे नाही. गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी मेक्सिकोतून येणाऱ्या प्रत्येक मालट्रकची राज्य पोलिसांकडून तपासणी करण्याचा आदेश दिला. केंद्रीय तपासणी झालेल्या ट्रकांची ही दुसरी तपासणी होती. पुलांवर तासन् तास रांगा लागल्या, भाजीपाला सडू लागला, आणि त्या दडपणाखाली नुएवो लिओन, चिवावा, कोआहुइला व तामाउलिपास या राज्यांच्या गव्हर्नरांनी आपापल्या हद्दीत गस्त वाढवण्याच्या समझोत्यांवर सह्या केल्या. अमेरिकेच्या घटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील दहाव्या विभागात दोन पायऱ्या आहेत. राज्याने परकीय सत्तेशी तह किंवा युती करण्यास पूर्ण मनाई आहे. त्याहून हलका करार किंवा समझोता काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, संमतीने करता येतो. 1893 च्या व्हर्जिनिया विरुद्ध टेनेसी या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ज्या समझोत्यामुळे राज्याचे राजकीय बळ वाढून केंद्राच्या सर्वोच्चतेला बाध येऊ शकतो, त्यालाच अशी संमती लागते. अ‍ॅबट यांनी काँग्रेसची संमती घेतली नव्हती. त्यांचे समझोते टिकले असतील तर ते याच फटीतून. 'आम्ही आमच्या बाजूला गस्त घालू' एवढ्याच वचनाला तह म्हणता येणार नाही, असा त्यांचा बचाव होऊ शकतो. पण 2012 च्या अ‍ॅरिझोना खटल्यात त्याच न्यायालयाने स्थलांतरितांविषयीच्या राज्य कायद्यातील आव्हान दिलेल्या चारपैकी तीन तरतुदी रद्द केल्या होत्या, हेही विसरू नये.

आपल्या घटनेत अशी फटसुद्धा नाही. सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीच्या, 10 व्या नोंदीत परराष्ट्र व्यवहार आहेत, 14 व्या नोंदीत परदेशांशी तह व करार करणे आणि ते अमलात आणणे आहे, 19 व्या नोंदीत भारतात प्रवेश, भारतातून हकालपट्टी, पासपोर्ट व व्हिसा आहेत, आणि 41 व्या नोंदीत परदेशी व्यापार व सीमाशुल्क हद्द आहे. अनुच्छेद 162 प्रमाणे राज्याचा कार्यकारी अधिकार त्याच्या कायदे करण्याच्या अधिकाराइतकाच पसरतो. ज्या विषयावर विधानसभा कायदा करू शकत नाही, त्या विषयावर मुख्यमंत्री करार करू शकत नाही. अनुच्छेद 73 ने करारातून मिळणारे हक्क व अधिकार वापरण्याची सत्ता केंद्राला स्पष्ट शब्दांत दिली आहे. अनुच्छेद 253 तर त्याच्याही पुढे जातो : आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद राज्यसूचीतील विषयावरही कायदा करू शकते, आणि त्यासाठी राज्याची परवानगी लागत नाही. 14 व्या नोंदीनुसार करार कसे करावेत, कोणाशी सल्लामसलत करावी, हे ठरवणारा सर्वसाधारण कायदा संसदेने आजवर केलेला नाही. करार मंत्रिमंडळ करते, आणि देशातील कायदा किंवा भूमी बदलायची नसेल तर तो संसदेपुढे मंजुरीसाठी जावाच लागतो असेही नाही. माझ्या मते आपल्या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. न्यायमूर्ती पुंछी यांच्या अध्यक्षतेखालील केंद्र-राज्य संबंध आयोगाने 2010 च्या अहवालात या नोंदीखाली कायदा करावा आणि राज्यांच्या विषयांना हात घालणाऱ्या करारांत राज्यांना सहभाग द्यावा, असे सुचवले होते.

बेळगावच्या वाचकाला हे सगळे दूरचे वाटण्याचे कारण नाही, कारण 19 डिसेंबर 1961 पर्यंत आपला जिल्हा परक्या देशाच्या सरहद्दीवरचा जिल्हा होता. खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या पुढे पोर्तुगिजांचे राज्य लागत असे, आणि लोंढ्याहून मुरगावकडे जाणाऱ्या रेल्वेवर कॅसलरॉक हे सरहद्दीचे, जकातीचे स्थानक होते. त्या रेल्वेचे मूळच एका आंतरराष्ट्रीय करारात आहे. ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यातील 1878 च्या करारात ब्रिटिश हिंदुस्थान व गोवा यांच्यातील जकातीची भिंत काढून टाकण्याचे, गोव्याच्या मिठावर नियंत्रण आणण्याचे आणि रेल्वेला साहाय्य करण्याचे ठरले. तो करार 1892 मध्ये संपला आणि जकात पुन्हा आली. पुढे स्वतंत्र भारताने 1955 मध्ये गोव्याची नाकेबंदी केली, तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी ते म्हैसूर राज्यात गेले. राज्य बदलले, जिल्ह्याच्या कचेरीतील कारभाराची भाषा बदलण्याची सुरुवात झाली, परंतु गोव्याच्या सरहद्दीवरचे धोरण मुंबईचेही नव्हते आणि बंगळूरचेही नव्हते. ते आधी जसे दिल्लीचे होते तसेच नंतरही राहिले. डिसेंबर 1961 मध्ये लष्कर बेळगावच्या परिसरात जमा झाले आणि येथूनच गोव्याकडे निघाले, तेव्हा त्या निर्णयासाठी म्हैसूर सरकारची संमती कोणी मागितली नाही आणि घटनेनुसार ती लागतही नव्हती. त्यानंतर बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा 20 डिसेंबर 1961 पासून केंद्रशासित प्रदेश म्हणून पहिल्या अनुसूचीत आला, आणि पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार 31 डिसेंबर 1974 रोजी केला.

भूभाग मिळवणे घटनेला सोपे वाटते. भूभाग देणे तसे नाही. हे जिथे ठरले ते बेरूबारी प्रकरण प्रत्येक विद्यार्थ्याने मूळातून वाचावे. सप्टेंबर 1958 मध्ये पंतप्रधान नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांच्यात करार झाला. जलपाईगुडी जिल्ह्यातील बेरूबारी युनियन क्रमांक 12 हा भाग निम्मा पाकिस्तानला द्यावा आणि कूचबिहारच्या वेढलेल्या वस्त्यांची (चहूबाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेल्या तुकड्यांची) अदलाबदल करावी, असे त्यात होते. पश्चिम बंगालच्या विधानसभेने कडाडून विरोध केला. केंद्राचे म्हणणे असे होते की, हा फाळणीची सीमारेषा ठरवणाऱ्या रॅडक्लिफ निवाड्याचा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रकार आहे, त्यासाठी कार्यकारी अधिकार पुरेसा आहे. राष्ट्रपतींनी सल्ला मागितल्यावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च 1960 मध्ये ते मान्य केले नाही. भारताचा भूभाग परदेशाला द्यायचा असेल तर राज्यांच्या सीमा बदलण्याविषयीच्या अनुच्छेद 3 खालचा साधा कायदा चालणार नाही, अनुच्छेद 368 खाली घटनादुरुस्ती करावी लागेल, असे मत न्यायालयाने दिले. त्याप्रमाणे 1960 मध्ये नववी घटनादुरुस्ती झाली.

येथे अनेक जण घाईने निष्कर्ष काढतात की, बेरूबारीत राज्य जिंकले. राज्याला नकाराधिकार मिळाला नाही. अधिकार मंत्रिमंडळाकडून संसदेकडे गेला, एवढेच झाले. पहिल्या अनुसूचीत बदल करणारी घटनादुरुस्ती निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांकडून संमत करून घ्यावी लागत नाही. ती अट अनुच्छेद 368 च्या परंतुकात मोजक्या विषयांसाठीच आहे, आणि ज्या राज्याची जमीन जाते त्याची संमती तर कोठेच मागितलेली नाही. तरीही बेरूबारीचा तुकडा कधीच दिला गेला नाही. स्थानिकांचा विरोध आणि खटले यांत ती घटनादुरुस्ती अडकून राहिली, 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला, आणि 16 मे 1974 च्या इंदिरा गांधी-मुजीबुर रहमान करारात दक्षिण बेरूबारी भारताकडेच ठेवून त्या बदल्यात तीन बिघा ही अरुंद वाट बांगलादेशाला वापरायला द्यायचे ठरले. ती वाट प्रत्यक्ष खुली झाली जून 1992 मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी. त्या कराराचा उरलेला भाग 2015 च्या शंभराव्या घटनादुरुस्तीने अमलात आला : भारताच्या 111 वस्त्या बांगलादेशाकडे गेल्या, बांगलादेशाच्या 51 भारतात आल्या. त्या वेळी पश्चिम बंगाल सरकारचा पुनर्वसनाच्या खर्चाचा आग्रह केंद्राने मान्य केला आणि विधेयक दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाले. पंतप्रधानांच्या सहीपासून जमिनीपर्यंत पोचायला त्या कराराला एक्केचाळीस वर्षे लागली.

कच्छचे प्रकरण याच्या उलट बाजूचे आहे. 1965 च्या संघर्षानंतर कच्छच्या रणाचा वाद लवादाकडे गेला, फेब्रुवारी 1968 मध्ये निवाडा झाला आणि वादग्रस्त भागाचा सुमारे एक दशांश हिस्सा पाकिस्तानला मिळाला. मगनभाई ईश्वरभाई पटेल खटल्यात 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अनिश्चित सीमारेषा ठरवणे म्हणजे भूभाग देणे नव्हे, म्हणून घटनादुरुस्ती नको. तामिळनाडूचा कच्चतीवू बेटाबद्दलचा आक्षेप याच भेदावर उभा आहे. 1974 मध्ये श्रीलंकेशी झालेला करार सीमानिश्चितीचा होता की बेट देऊन टाकण्याचा, यावर तो सगळा वाद फिरतो.

आता ज्या कराराबद्दल वर्तमानपत्रात क्वचितच छापून येते, पण जो सीमासुरक्षेचा करार म्हणून सर्वांत जवळून पाहण्यासारखा आहे, त्याकडे येतो. भारत आणि बांगलादेश यांच्या सीमा अधिकाऱ्यांसाठी 1975 मध्ये संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे ठरली. त्यांत शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, दोन्ही बाजूंना 150 यार्डांच्या आत संरक्षणविषयक बांधकाम करू नये, असे आहे. पुढे भारताने कुंपण घालायला घेतले, तेव्हा या तत्त्वामुळे ते बहुतेक ठिकाणी सीमारेषेवर न येता 150 यार्ड आत, म्हणजे भारतीय शेतकऱ्याच्या शेतातून आले. शेत कुंपणाच्या पलीकडे, घर अलीकडे. सकाळी ठरलेल्या वेळी सीमा सुरक्षा दलाचा जवान फाटक उघडतो, शेतकरी ओळखपत्र जमा करतो, नोंदवहीत नाव चढते, बैल आणि अवजारेसुद्धा नोंदली जातात, आणि संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या आत सगळ्यांना परतावे लागते. रात्री पिकात गुरे शिरली तर मालक ती हाकलायला जाऊ शकत नाही. त्या शेतकऱ्याने करार वाचलेला नसतो. कुंपणासाठी जमीन हवी असते तेव्हा मोजणी, नोटीस, नुकसानभरपाईचा निवाडा हे सगळे राज्याची महसूल यंत्रणा करते, आणि नाराजीही राज्याच्याच आमदाराच्या दारात येते. पश्चिम बंगालमध्ये कुंपणाचे काम जागोजागी रेंगाळले त्याचे मोठे कारण भूसंपादन हेच आहे. महामार्गासाठी बेळगावजवळच्या हलगा-मच्छेच्या पिकाऊ जमिनी जाताना शेतकरी कसे उभे राहिले, हे बेळगावकरांनी पाहिले आहे. तेव्हा दिल्लीतील नकाशावरची रेघ आणि बांधावरची मोजणी यांत किती अंतर असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

राज्याचा खरा प्रभाव कायद्याच्या बाहेर, पण लोकशाहीच्या आत असतो. सप्टेंबर 2011 मध्ये तीस्ता नदीच्या पाणीवाटपाचा मसुदा तयार होता, पंतप्रधान मनमोहन सिंग ढाक्याला निघाले होते, आणि मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी ऐन वेळी सोबत जाण्यास नकार दिला. सही झाली नाही. कायद्याने केंद्र सही करू शकत होते. याउलट 1996 चा गंगा पाणीवाटप करार झाला, त्यात मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी स्वतः पुढाकार घेतला होता, आणि म्हणून तो अमलातही आला. मिझोरमचे उदाहरण आणखी बोलके आहे. म्यानमारच्या सीमेवर दोन्ही बाजूंना 16 किलोमीटरपर्यंत व्हिसाशिवाय ये-जा करण्याची मुभा होती, कारण तेथे एकाच जमातीची गावे रेषेच्या दोन्ही बाजूंना आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी ती बंद करण्याची घोषणा केली. त्याच महिन्यात मिझोरम विधानसभेने आणि लगेच नागालँडच्या विधानसभेनेही विरोधाचा ठराव केला. तो ठराव केंद्रावर बंधनकारक नाही. पण भाऊबंद, देवघेव आणि सोयरीक रेषेच्या पलीकडे असलेल्या माणसाचे दुःख सीमाभागातल्या मराठी माणसाला समजावून द्यावे लागत नाही, आणि अशा ठरावाकडे 'अधिकार नसताना केलेली कुरकुर' म्हणून पाहणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. ज्याला सही करण्याचा हक्क नाही, त्याचा ठराव हाच अधिकृत आवाज असतो.

सीमा सुरक्षा दलाच्या हद्दीचा वाद मात्र न्यायालयातच सुटायला हवा. 11 ऑक्टोबर 2021 च्या अधिसूचनेने पंजाब, पश्चिम बंगाल व आसाम येथे दलाचे कार्यक्षेत्र सीमेपासून 15 किलोमीटरवरून 50 किलोमीटर केले. गुजरातमध्ये ते 80 वरून 50 वर आणले. पंजाबसारख्या चिंचोळ्या राज्यात 50 किलोमीटर म्हणजे मोठी शहरे आत आली. अनुच्छेद 131 खाली पंजाबने थेट सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. पोलीस हा राज्यसूचीतील दुसऱ्या नोंदीचा विषय आहे, परंतु ती नोंद संघसूचीच्या 2क या (केंद्राची सशस्त्र दले राज्यात तैनात करण्याच्या) नोंदीच्या अधीन आहे, आणि ही 2क नोंद 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेली आहे. दल झडती घेऊ शकते, माल जप्त करू शकते, अटक करू शकते. मात्र आरोपी आणि माल शेवटी स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा संबंधित यंत्रणेकडे द्यावा लागतो. म्हणून राज्याचे सगळे पोलीस अधिकार गेले असे म्हणणे चूक, आणि काहीच बदलले नाही असे म्हणणेही चूक.

बेळगावात हा केंद्र-राज्य संबंध रोज दिसतो, फक्त आपण त्याकडे त्या नजरेने पाहत नाही. येथे शिकायला आलेला परदेशी विद्यार्थी वसतिगृहात किंवा लॉजवर उतरला की, चोवीस तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती (2025 पर्यंत जिला सी-फॉर्म म्हणत) भरून पाठवावी लागते, आणि त्याची चौकशी करायला येतो तो कर्नाटक पोलिसांचा हवालदार. विषय संघसूचीचा, हात राज्याचा. अनुच्छेद 258 प्रमाणे राष्ट्रपती राज्य सरकारच्या संमतीने आपली कामे राज्याच्या अधिकाऱ्यांवर सोपवू शकतात, आणि परकीय नागरिकांबाबतचे कित्येक अधिकार याच मार्गाने राज्यांकडे आले. त्या अनुच्छेदातील 'संमतीने' या अटीकडे विद्यार्थ्यांचे लक्ष जात नाही. राज्याला घटनेने या क्षेत्रात दिलेली ती थोडक्यांपैकी एक खरी चावी आहे.

राहिला कोगनोळीचा प्रश्न. दोन देशांची सीमा आणि दोन राज्यांची सीमा यांची कायद्यात गल्लत करू नका. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील हद्द अनुच्छेद 3 खाली संसद साध्या बहुमताने बदलू शकते. संबंधित विधानसभांचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते, हे 1959 च्या बाबूलाल पराते खटल्यात मुंबई राज्याच्याच पुनर्रचनेसंबंधी ठरले. या सीमावादावरच्या 1967 च्या महाजन अहवालाची शिफारस, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असलेला महाराष्ट्राचा दावा आणि डिसेंबर 2022 मधील दोन्ही विधिमंडळांचे परस्परविरोधी ठराव हे सगळे या चौकटीत वाचायचे. ही दोन राज्ये निवडणुकीच्या काळातील संयुक्त नाकाबंदी, गुन्हेगारांची माहिती, दारूची चोरटी वाहतूक यांबाबत आपसात समझोते करू शकतात, कारण पोलीस त्यांचा विषय आहे. माणसाचा प्रवेश ही मात्र कोणत्याही राज्याने देण्याची परवानगी नाही. अनुच्छेद 19 चा संचारस्वातंत्र्याचा हक्क आणि अनुच्छेद 301 चे व्यापाराचे स्वातंत्र्य दूधगंगेच्या पुलावर संपत नाहीत. त्यांवर बंधन घालता येते, पण ते वाजवी, कायद्याच्या आधाराने आणि ठरावीक काळापुरते असावे लागते. 2021 मध्ये कोगनोळीला करोना चाचणीचा अहवाल मागितला गेला त्यामागे आपत्ती आणि साथरोगविषयक कायद्यांचा आधार होता. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्र्यांना अडवणारा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खालचा होता. 2020 च्या करोना टाळेबंदीत कर्नाटकाने केरळमधील कासरगोडकडचे रस्ते बंद केले, तेव्हा एप्रिलमध्ये रुग्णांसाठी राष्ट्रीय महामार्गावरचे अडथळे दूर करण्यास केरळ उच्च न्यायालयाने केंद्राला सांगितले होते, हा दाखलाही जवळ ठेवा.

तेव्हा पुढच्या वेळी कोगनोळीला कोणी अडवले, तर वाद घालण्याआधी लेखी आदेशाची प्रत मागा. तो कोणत्या कलमाखाली आहे, कोणाच्या सहीचा आहे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे पाहा. जुन्या कलम 144 ची जागा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 ने घेतली आहे, आणि त्याखालचा आदेश राज्य सरकारने मुदत वाढवली नसेल तर दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. प्रत दिली नाही, तर वेळ आणि जागा लिहून ठेवा, वाहनाच्या टोलची पावती जपून ठेवा, आणि धारवाड खंडपीठात रिट दाखल करताना ती सोबत जोडा.